किंमत, एंजिन आणि एका गाडीचे भवितव्य

आपण व्यापारी मंडळी मालाची पारख करताना दोन गोष्टी प्रथम पाहतो. मालात कस किती आहे आणि त्याचा भाव काय आहे. या दोहोंचा मेळ बसला नाही तर उत्तम दिसणारा मालही वखारीत धूळ खात पडतो, हे ज्याने पाच-दहा दिवाळ्यांचे हिशेब मिटविले आहेत त्यास सांगावे लागत नाही. अमेरिकेतील एका बड्या मोटार कारखान्यास हाच धडा दोन वर्षांत मिळाला. तो किस्सा मोटारींचा असला तरी आपल्या पेढीवरचा वाटावा असा आहे, म्हणून येथे देत आहे.

१९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्स कंपनीचे प्रदर्शन भरले होते. तेथे शेव्हरोलेट विभागाने कॉर्व्हेट नावाची दोनच आसनांची, उघड्या टपाची गाडी मांडली. ती कल्पना कंपनीचे रेखाकार हार्ले अर्ल यांची. गाडीचे अंग पोलादी पत्र्याचे नव्हते, फायबरग्लासचे होते. बाहेरून शुभ्र पांढरी, आत लाल बैठक. लोकांच्या उड्या पडल्या, आणि कंपनीने लागलीच उत्पादनाचे ठरविले. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे पहिली गाडी तयार झाली. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या निघाल्या.

गाडीचे रूप मनोहर होते. पण पुढील झाकण उघडले की जाणत्या गिऱ्हाइकाचा विरस होई. आत शेव्हरोलेटचे जुनेच सहा सिलिंडरांचे एंजिन होते. त्याचे घराणे कंपनीच्या घरगुती गाड्यांतून व मालमोटारींतून वर्षानुवर्षे राबत आले होते. तीन कार्ब्युरेटर बसवून त्याची शक्ती १५० अश्वशक्तीपर्यंत नेली होती खरी. पण त्यास जोडलेली गिअरपेटी पॉवरग्लाइड जातीची, दोन गतींची व आपोआप बदलणारी होती. स्वतःच्या हाताने गिअर बदलण्यात ज्याला आनंद आहे अशा हौशी चालकाला ती देणे म्हणजे तबलजीपुढे ढोलकी ठेवण्यासारखेच. दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नव्हत्या. पावसात बाजूचे पडदे लावावे लागत.

आता भावाकडे वळू. गाडीची किंमत होती ३,४९८ डॉलर. त्या काळी शेव्हरोलेटची चांगली घरगुती गाडी दोन हजार डॉलरांच्या आत मिळत असे. इंग्लंडची एम.जी. ही छोटी खेळगाडी पुष्कळच स्वस्त होती, आणि जास्त पैसे मोजणाऱ्यास जग्वारची एक्स.के. १२० खुणावीत होती. म्हणजे कॉर्व्हेटचा भाव वरच्या पंक्तीतला आणि एंजिन खालच्या पंक्तीतले. त्यातही पहिल्या गाड्या नामांकित मंडळींसाठी राखण्याचे धोरण ठेवल्याने, प्रदर्शन पाहून पैसे घेऊन आलेले सामान्य गिऱ्हाईक परत गेले. आलेल्या गिऱ्हाइकास परत पाठविणे हा व्यापारातला मोठा अपराध होय, असे माझे तरी मत आहे.

१९५४ साली कंपनीने भाव उतरविला. छापील किंमत २,७७४ डॉलर झाली. परंतु यात एक मेख होती. गिअरपेटी, जी दुसरी मिळतच नव्हती, ती आता ‘ऐच्छिक’ म्हणून दाखविली गेली व तिचे सुमारे १७८ डॉलर निराळे लावले गेले. अशाच आणखी बाबी जोडता खरा आकडा पुन्हा तीन हजारांच्या वर जाई. अडत, हमाली, तोलाई वेगळी दाखवून भाव कमी भासविणारे महाभाग आपल्याही बाजारात दिसतात. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा फिरकत नाही. त्या वर्षी ३,६४० गाड्या तयार झाल्या. वर्षअखेर हजाराहून अधिक न विकता विक्रेत्यांच्या आवारात उभ्या होत्या. (त्याच सालच्या गाड्यांसाठी आज संग्राहक मूळ किमतीच्या अनेक पट मोजतात, ही निराळी गंमत.) ही गाडीच बंद करावी, असा विचार कंपनीत बळावला.

तिला तारले दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे प्रतिस्पर्धी. फोर्ड कंपनीने १९५५ साठी थंडरबर्ड ही दोन आसनी गाडी आणली, आणि तिच्यात प्रथमपासूनच आठ सिलिंडरांचे व्ही-८ एंजिन होते. काचाही वर-खाली होत. पहिल्या वर्षातच तिच्या सोळा हजारांहून अधिक गाड्या खपल्या. अशा वेळी माघार घेणे म्हणजे भर बाजारात फळी लावून दुकान बंद करणे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एड कोल या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली शेव्हरोलेटचे स्वतःचे व्ही-८ एंजिन तयार झाले होते. त्याचा आकार २६५ घन इंच, कॉर्व्हेटमधील शक्ती १९५ अश्वशक्ती, आणि ओतकाम पातळ असल्याने वजन मात्र जुन्या सहा सिलिंडरी एंजिनाहूनही कमी. हेच एंजिन कंपनीच्या साध्या गाड्यांतही बसणार असल्याने त्याचा विकासखर्च लक्षावधी नगांवर वाटला गेला. केवळ खेळगाडीसाठी असे एंजिन घडविले असते तर तिचा भाव कोणालाच परवडला नसता. कॉर्व्हेटमध्ये त्यासाठी सुमारे १३५ डॉलरच अधिक पडत. गाडीच्या बाजूवर ‘शेव्हरोलेट’ या नावातील व्ही हे अक्षर मोठे व सोनेरी करून हा बदल जाहीर केला गेला.

तरी लोकांचा विश्वास एका दिवसात परतत नाही. जुना माल संपावयाचा होता, म्हणून १९५५ मध्ये केवळ ७०० गाड्या तयार झाल्या. पण त्यांतील बोटांवर मोजण्याइतक्या सोडता सर्वांत व्ही-८ होते. झोरा आर्कस-डंटॉव्ह या अभियंत्याने, जो १९५३ चे प्रदर्शन पाहूनच भारावून कंपनीत आला होता, पुढे या गाडीचा ध्यास घेतला. १९५६ साली काचा आल्या, हाताने बदलावयाची तीन गतींची गिअरपेटी आली आणि खप ३,४६७ वर गेला. १९५७ मध्ये २८३ घन इंचांच्या एंजिनातून इंधन-फवाऱ्याच्या साहाय्याने २८३ अश्वशक्ती काढली गेली. त्या वर्षी ६,३३९ गाड्या गेल्या. १९६० मध्ये आकड्याने दहा हजारांची वेस ओलांडली.

थंडरबर्डची वाट मात्र वेगळी. १९५८ पासून फोर्डने तिला चार आसने दिली. खप भरपूर वाढला, पण खेळगाडी म्हणून तिची ओळख तेथेच संपली. फोर्डची चूक झाली असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वहीत नफाच पडला. परंतु हौशी माणसाच्या तोंडी नाव राहिले ते कॉर्व्हेटचे.

डंटॉव्ह यांची एक इच्छा अपुरी राहिली होती. एंजिन चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यभागी असावे, असा त्यांचा आग्रह. पण खर्चाचा प्रश्न येई आणि बेत मागे पडे. ते १९७५ मध्ये निवृत्त झाले आणि १९९६ मध्ये वारले. जुलै २०१९ मध्ये कंपनीने आठव्या पिढीची कॉर्व्हेट दाखविली, तेव्हा व्ही-८ एंजिन आसनांच्या मागे होते. तशा रचनेच्या इटालियन गाड्या कितीतरी महाग असताना हिची आरंभीची किंमत साठ हजार डॉलरांहून पाच डॉलर कमी ठेवण्यात आली होती.