जुन्या कपड्याला भाव असावा, उपकार नसावा

दुपारी घरातली आवराआवर झाली की नवी मुंबईतल्या चाळींतून, सिडकोच्या वसाहतींतून बोहारणीची हाक येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत बोचके. बहुधा वाघरी समाजातली ही बाई जिन्यात बसते, शर्ट उजेडाकडे धरते, कॉलर बघते, पँटची बैठक बघते आणि मान हलवते. आपण म्हणतो, "अहो, चारशेचा शर्ट आहे!" ती म्हणते, "ताई, चारशे तुमचे. माझ्याकडून कोण घेणार, किती देणार, ते बघा." शेवटी चार कपड्यांवर एक पातेले ठरते, आणि दोघींनाही वाटते की आपण थोडे फसलो.

वाचक भगिनींनो, या बाईला अडाणी समजू नका. जुन्या वस्तूचा भाव कसा ठरतो, हे तिच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही. घेताना आपण किती मोजले यावर जुन्या वस्तूची किंमत ठरत नाही. पुढचा माणूस किती देईल, यावर ती ठरते.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या काही घरांनी मिळून मुलांचे आखूड झालेले गणवेश, दप्तरे, रेनकोट गोळा केले. धुऊन, इस्त्री करून समाजमंदिरात मांडले आणि फळ्यावर लिहिले, "गरजूंनी मोफत न्यावे." बायका आल्या, लांबून बघून गेल्या. नाका कामगार म्हणून राबणाऱ्या एका ताईंनी आपल्या लेकाच्या मापाचा शर्ट हातात घेतला आणि घडी घालून परत ठेवला. आम्ही म्हटले, "न्या ना ताई, फुकट आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच नको."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्यांच्या त्या दोन शब्दांमागे पिढ्यांचा इतिहास होता. शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, चांडाळाने मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, असे मनुस्मृतीत लिहून ठेवले आहे. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा आपल्या वाडवडिलांचा 'हक्क' मानला जाई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना लुगडे नेसण्याची जुनी रीत टाकून स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले. कापडाचा आणि मानाचा संबंध आपल्याइतका कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही फळा पुसला. शर्ट २० रुपये, पँट ३० रुपये, दप्तर ४० रुपये, असे लिहिले. त्या ताई पुन्हा आल्या. दोन शर्ट घेतले, "पस्तीसला द्या" म्हणाल्या, आणि आम्ही दिले. घासाघीस करून, गिऱ्हाईक म्हणून त्या ताठ मानेने गेल्या. जमलेल्या पैशांतून वस्तीतल्या मुलांना वह्या घेतल्या.

चुकाही झाल्या. एक साडी 'मूळ दोन हजारांची' म्हणून दोनशेला ठेवली. ती तशीच राहिली, कारण दोनशेत फुटपाथवर नवी साडी मिळते. एक गृहस्थ आले आणि सगळी दप्तरे एकदम मागू लागले. त्यांना ती दुसरीकडे जास्त भावाने विकायची होती. तेव्हा एका घराला एकच दप्तर, असा नियम केला.

हे प्रश्न जगभर आहेत. अमेरिकेत बोस्टन शहरात १९०२ साली एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने 'गुडविल' सुरू केले. श्रीमंत वस्त्यांतले जुने कपडे आणायचे, गरिबांकडूनच मजुरी देऊन ते दुरुस्त करून घ्यायचे आणि विकायचे, अशी ती योजना होती. इंग्लंडात 'ऑक्सफॅम'सारख्या संस्थांची दुकाने गल्लोगल्ली आहेत. तिथेही गिऱ्हाइकांची तक्रार असते की फुकट मिळालेल्या मालाचे भाव चढले आणि गरिबाला दुकान परके झाले. संस्था म्हणते, जास्त भाव आला तर जास्त लोकांना मदत होईल. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

आपल्याकडे १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत 'गूंज' स्थापन केली. गावकरी विहीर खणतात, रस्ता बांधतात आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात कपडे मिळवतात. इथे पैशाऐवजी घाम हा भाव आहे. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेत शहरोशहरी जुने कपडे, पुस्तके, खेळणी ठेवण्याची केंद्रे उघडली. नवी मुंबई महापालिकाही त्यात होती. वस्तू कचऱ्यात जात नाही, हे चांगलेच आहे. पण घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, हेही कोणी तरी पाहायला हवे.

आपल्या वस्तीत असा उपक्रम करायचा असेल तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. एक, जे कापड आपण स्वतःच्या लेकराच्या अंगात घालणार नाही ते मांडू नका, त्याचे पायपुसणे करा. दोन, भाव फळ्यावर लिहा, म्हणजे माणूस बघून भाव बदलणार नाही. तीन, बाजारातल्या नव्या वस्तूचा सगळ्यात कमी भाव आधी बघून या आणि त्याच्या बऱ्याच खाली राहा. चार, पैसे कशाला वापरले तेही त्याच फळ्यावर लिहा.

आणि ज्याच्याकडे वीस रुपयेही नाहीत त्याचे काय? त्याच्यासाठी आम्ही एक तास ठेवला आहे. कपड्यांच्या घड्या घालायच्या, बटणे लावायची आणि हवे ते न्यायचे. यंदा त्या ताईच रविवारी बटणे लावायला येतात. पैसे आहेत, तरी येतात. भाव कमी करायला मात्र त्या आम्हालाच दटावतात!