आपला आवाज घरोघरी पोचवणारं शिक्षण

आम्ही इथे बोलतोय आणि तुम्ही भाकरी थापता थापता ऐकताय. हे कसं घडतं? माइक आवाजाचे विजेचे संकेत बनवतो, ट्रान्समीटर ते रेडिओलहरींवर चढवतो आणि तुमचा रेडिओ त्यातून पुन्हा आवाज काढतो. मोबाइलही लहरींवरच चालतो. हे शिकवणारी शाखा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये ३ वर्षांचा डिप्लोमा करता येतो. पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक गणितात हुशार. घरचे म्हणाले, “तारा जोडणं पोरीचं काम नव्हे.” ताई गप्प बसल्या. मैत्रिणींनो, लग्नासाठी आपण गटातून कर्ज काढतो. मग लेकीच्या फीसाठी का नको? पुढच्या बैठकीला लेकींनाही आणा. दाखल्यांची तयारी मिळून करू.