मुलांच्या अंगणाची माती

तीन ते सहा वर्षांच्या बालकांना घेऊन आमच्या बालरोग विभागात येणारे पालक एक प्रश्न वारंवार विचारतात : मूल मातीत खेळले तर आजारी पडणार नाही ना? रुग्णालयामागील मोकळ्या जागेत फरशी बसवून प्लॅस्टिकची घसरगुंडी उभारावी, अशी सूचना काही देणगीदारांनीही केली आहे. त्यांच्या सद्भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत; तथापि ती जागा मातीचीच का ठेवावी, हे सांगणे आमचे कर्तव्य ठरते.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. तेव्हा पाने, बिया, खडे व शिंपले हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी पाड्यावरील अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. 'अंगणवाडी' हे नाव ताराबाईंचेच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते देशभर पोहोचविले. शहरांत नाव राहिले, अंगण मात्र दुर्मिळ झाले.

वैद्यकशास्त्रही आज याच दिशेने बोलते. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि पडद्यासमोर एक तासाहून अधिक बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले. उंचसखल जमिनीवर धावताना तोल सुधारतो. बाहेरच्या उजेडात पुरेसा वेळ घालविणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण कमी आढळते. फिनलंडमध्ये काही बालवाड्यांच्या अंगणात जंगलातील माती व हिरवळ अंथरण्यात आली. अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि प्रतिकारशक्तीच्या नियमनात अनुकूल बदल दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान होता, हेही नमूद केले पाहिजे.

पालकांची भीती मात्र निराधार नाही. मातीतून जंत होतात. म्हणून पायात चप्पल, खेळानंतर साबणाने हात धुणे, वेळेवर जंतनाशक गोळी आणि धनुर्वाताची लस आवश्यक आहे. नागपूरचा उन्हाळाही विसरता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुलांनी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच बाहेर खेळावे व वरचेवर पाणी प्यावे. भर उन्हात प्लॅस्टिकची घसरगुंडी चटका देते. कडुनिंबाखालील माती त्या मानाने थंड असते. शिवाय हिशेबात घसरगुंडीवर घसारा धरावा लागतो, जमिनीवर नाही!

या जागेसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी मुलांच्या उंचीचे दोन नळ, कुंपण, करंज व कडुनिंबाची रोपे, आणि मांजरांपासून वाळूचा हौद रात्री झाकण्यासाठी ताडपत्री यांचा विचार करावा, ही विनंती.