चित्रपटांची मासिक वर्गणी

चित्रपटांची वर्गणी महिन्याच्या आरंभींच भरून टाकणें लाभाचें कीं तोट्याचें, हें जाहिरातीवरून ठरवूं नये. घरांतील मोकळ्या वेळावरून ठरवावें.

पीव्हीआर आयनॉक्स या चित्रगृहांच्या कंपनीनें २०२३ सालीं काढलेल्या योजनेंत महिना ६९९ रुपयांस १० चित्रपट पाहतां येत. म्हणजे एक खेळ सत्तर रुपयांस! मात्र सवलत सोमवार ते गुरुवार एवढीच. त्या वारीं बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असतात. त्याच भरण्याची ही युक्ति.

अशी अट न घालणाऱ्याची गत अमेरिकेंत दिसली. मूव्हीपास ही कंपनी २०१७ सालीं महिना सुमारें दहा डॉलरांत रोज एक चित्रपट देऊं लागली. चित्रगृहांस मात्र ती बहुतेक तिकिटांचे पुरे पैसे भरी. हौशी वर्गणीदारांनींच तिला जेरीस आणलें, आणि २०१९ सालीं ती सेवा बंद पडली.

आतां नोकरदार गृहस्थाचें पहावें. दमून परतल्यावर तो महिन्यांत दोनदांच गेला, तर एक खेळ साडेतीनशेंस पडतो. शिवाय वर्गणी एकट्यापुरती. पत्नीचें नि मुलांचें तिकीट निराळें, आणि त्यांना सवड रविवारीं! चित्रगृहाजवळ राहणाऱ्या पेन्शनरानें मात्र ती खुशाल भरावी. दुपारच्या खेळास त्याला कोण अडवितो?