कौटुंबिक न्यायालयातील वकीलविरहित पक्षकार : हक्क व कार्यपद्धती

प्रस्तावना :
घटस्फोटाचा दावा हा केवळ विवाहबंधनाच्या समाप्तीचा प्रश्न नसतो. पोटगी, अपत्यांचा ताबा, राहते घर व स्त्रीधन हे प्रश्न त्यास जोडलेले असतात. असा दावा चालू असताना वकिलाचे निधन झाले, वकिलाने वकीलपत्र मागे घेतले किंवा शुल्क देणे अशक्य झाले, तर पक्षकार एकाकी पडतो. प्रकरण मात्र थांबत नाही. अशा पक्षकाराने स्वतः बाजू मांडावयाची झाल्यास कायद्याची भूमिका कोणती व दक्षता कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्याची भूमिका :
कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 नुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. न्यायहितार्थ आवश्यक वाटल्यास न्यायालय विधिज्ञाचे न्यायालयमित्र म्हणून साहाय्य घेऊ शकते. म्हणजेच स्वतः उभा राहणारा पक्षकार हा अपवाद नसून कायद्याने गृहीत धरलेला पक्षकार आहे. कलम 9 न्यायालयावर समेटाच्या प्रयत्नांची जबाबदारी टाकते, तर कलम 14 पुराव्याचे काटेकोर नियम शिथिल करते. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथेही दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पक्षकारास स्वतः हजर राहता येते.

वकीलपत्राची समाप्ती :
संहितेच्या आदेश 3, नियम 4 नुसार वकीलपत्र केवळ तोंडी बोलण्याने संपत नाही. न्यायालयाच्या परवानगीने लेखी स्वरूपात ते संपुष्टात आणावे लागते. पक्षकार वा वकील यांच्या मृत्यूनेही ते संपते. म्हणून पक्षकाराने लेखी अर्ज देऊन स्वतःचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक अभिलेखावर आणावा आणि कागदपत्रे मिळविण्यासाठी मुदत मागावी. शुल्क थकले म्हणून वकिलास पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा (2000) या प्रकरणात दिला आहे.

प्रत्यक्ष कार्यपद्धती :
1) रोजनामा पाहून दावा कोणत्या टप्प्यावर आहे हे निश्चित करावे. अर्ज, कैफियत, अंतरिम आदेश व दस्तऐवज यांच्या नकला मिळवाव्यात.
2) प्रत्येक तारखेस हजर राहावे. अर्जदार गैरहजर राहिल्यास दावा काढून टाकला जाऊ शकतो. जाबदार गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल होऊ शकतो. दावा पुनःस्थापित करण्यासाठी किंवा एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी सर्वसाधारणतः 30 दिवसांची मुदत असते. वकिलाच्या हलगर्जीपणाची शिक्षा निर्दोष पक्षकारास होऊ नये, असे रफीक विरुद्ध मुन्शीलाल (1981) मध्ये म्हटले असले, तरी त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.
3) सरतपासाचे शपथपत्र घटनाक्रमानुसार व तारखांसह लिहावे. उलटतपासात वाद न घालता एका वेळी एकच प्रश्न विचारावा.
4) हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 24 खाली अंतरिम पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो, हा अर्ज पती किंवा पत्नी कोणीही करू शकते. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निर्णयानुसार पोटगीच्या प्रकरणात उभय पक्षांनी मालमत्ता व दायित्वे यांचे शपथपत्र द्यावयाचे असते.
5) तडजोडीच्या मसुद्यावर घाईने स्वाक्षरी करू नये. पोटगी व ताबा यांविषयीची प्रत्येक अट नीट समजून घ्यावी.

विधी साहाय्य :
विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, बालके तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती उत्पन्नाच्या अटीविना मोफत विधी सेवेस पात्र आहेत. इतरांसाठी उत्पन्नमर्यादा आहे. अर्ज जिल्हा वा तालुका पातळीवर करता येतो.

समारोप :
कलम 13 मागील कल्पना उभय पक्षांच्या समानतेची आहे. तथापि एका पक्षास वकिलाची अनुमती मिळाली व दुसरा एकटा उभा राहिला, तर ही समानता भंग पावते. अशा वेळी ती विषमता न्यायालयाच्या निदर्शनास आणून न्यायालयमित्र वा विधी साहाय्य मागणे हा पक्षकाराचा कमकुवतपणा ठरत नाही. स्वतः बाजू मांडणे शक्य आहे. परंतु ज्या दाव्यात अपत्याचा ताबा किंवा उपजीविका पणाला लागली आहे, तेथे ती अखेरची निवड असावी. महाविद्यालयांतील विधी साक्षरता उपक्रमांनी ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.