जीडीबीआर्क

जीडीबीआर्क ही जीडीबी या डीबगरमधील अंतर्गत व्यवस्था आहे. एकाच जीडीबीला अनेक प्रकारच्या प्रोसेसरांवरील प्रोग्रॅम तपासता यावेत, यासाठी ती करण्यात आली. जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिला.

पार्श्वभूमी

मूळ रचनेत प्रोसेसरविषयीची माहिती हेडर फाइलींतील मॅक्रोंमध्ये असे. रजिस्टरे किती, ब्रेकपॉइंटसाठी कोणती आज्ञा वापरायची, परतीचा पत्ता कोठे सापडतो, हे सारे संकलनाच्या वेळीच ठरून जाई. परिणामी प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा जीडीबी बांधावा लागे. शिवाय सामाईक भागात केलेल्या बदलामुळे एखाद्या प्रोसेसरचा आधार मोडला, तरी तो जीडीबी कोणी बांधेपर्यंत ते उघडकीस येत नसे.

रूपांतर

नव्या रचनेत मॅक्रोंची जागा एका स्ट्रक्चरमधील मूल्यांनी आणि फंक्शन पॉइंटरांनी घेतली. तपासायची फाइल उघडल्यावर तिच्यातील प्रोसेसर, बाइटक्रम व प्रचालन प्रणाली पाहून योग्य जीडीबीआर्क निवडला जातो किंवा तयार केला जातो.

मॅक्रोचे फंक्शन करणे हे काम बहुतांशी यांत्रिक होते. खरा प्रश्न जुन्या कल्पना टिकवाव्यात का, हा होता. स्टॅकवरील फ्रेम उलगडण्याची जुनी पद्धत तशीच न ठेवता २००३ मधील ६.० आवृत्तीत नवी पद्धत आणली गेली. तीत अनेक उलगडक क्रमाने फ्रेम तपासतात आणि जो ती ओळखतो त्याच्याकडे ती सोपवली जाते. जुन्या फंक्शनांच्या नावांना ‘डेप्रिकेटेड’ हा उपसर्ग लावण्यात आला, जेणेकरून परीक्षणात नवा वापर लगेच नजरेत भरावा.

पूर्वनिर्धारित मूल्ये हा परीक्षणातील नाजूक मुद्दा आहे. एक्स८६ वर ब्रेकपॉइंटची आज्ञा एका बाइटची असते आणि ती चालल्यावर प्रोग्रॅम काउंटर तिच्या पुढे गेलेला असतो. म्हणून तो एकने मागे घ्यावा लागतो. याचे पूर्वनिर्धारित मूल्य शून्य आहे. एक्स८६ च्या आधारात ते बदलायचे राहिले, तर संकलक तक्रार करत नाही, मात्र प्रोग्रॅम चुकीच्या पत्त्यावरून पुढे सुरू होतो. एआरएमवर थंब आज्ञासंचामुळे ब्रेकपॉइंटची लांबीही पत्त्यानुसार बदलते, त्यामुळे तेथे एक स्थिर मूल्य पुरत नाही.

सर्वसाधारण चलाचा प्रश्न

रूपांतरानंतरही ‘सध्याचा जीडीबीआर्क’ दर्शवणारे एक ग्लोबल चल बरीच वर्षे राहिले. एका वेळी एकच प्रोसेसर, हे गृहीतक त्यात दडलेले होते. सेल या संमिश्र प्रोसेसरवर मुख्य गाभा व सहायक गाभे यांचे आज्ञासंच भिन्न असल्याने ते कोलमडले. २००९ च्या ७.० आवृत्तीपर्यंत हे चल हटवण्यात आले व प्रत्येक फ्रेमला स्वतःचा जीडीबीआर्क मिळाला.

ज्या जुन्या प्रोसेसरांच्या आधाराचे रूपांतर करण्यास कोणी पुढे आले नाही, तो आधार आधी कालबाह्य ठरवून नंतर जीडीबीतून काढून टाकण्यात आला.