इवो जिमा: पाण्याचा हिशेब आणि पोखरलेलं बेट

इवो जिमा म्हटलं की बहुतेकांना एकच छायाचित्र आठवतं, डोंगरमाथ्यावर झेंडा उभारणारे सहा अमेरिकी सैनिक. ते २३ फेब्रुवारी १९४५ चं. पण या बेटावरची अमेरिका-जपान लढाई कशी होणार हे त्याआधीच्या आठ महिन्यांत ठरून गेलं होतं. त्या आठ महिन्यांत बेटावरच्या जपानी शिबंदीचा बराचसा जीव दोनच कामांत गेला: जमीन पोखरणं आणि पाणी पुरवून वापरणं. झेंड्यापेक्षा ही दोन कामं समजून घेतली तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

बेट टोकियोच्या दक्षिणेला साधारण १,२०० किलोमीटरवर. क्षेत्रफळ तेव्हा वीस-एकवीस चौरस किलोमीटर. दक्षिण टोकाला १६९ मीटर उंचीचा सुरिबाची हा ज्वालामुखी, उत्तरेला खडबडीत पठार, मधल्या चिंचोळ्या भागात काळ्या राखेचे किनारे. १९४४ च्या मध्यात अमेरिकेने मारियाना बेटं घेतली आणि तिथून टोकियोवर जाणाऱ्या बी-२९ विमानांच्या वाटेत हे बेट आलं. इथल्या रडारमुळे जपानला हल्ल्याची आगाऊ खबर मिळे. इथे धावपट्ट्याही होत्या. म्हणून दोघांनाही ते हवं होतं.

आता पाणी. बेटावर नदी नाही, ओढा नाही, गोडा झराही नाही. पाऊस मात्र पडतो, वर्षाला सरासरी पुण्यापेक्षा जास्तच. अडचण ते पाणी थांबण्याची आहे. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, सच्छिद्र. पडलेलं पाणी झिरपून निघून जातं. कोकणात एवढा पाऊस होऊनही एप्रिल-मे महिन्यांत टँकर का लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. विहीर खणावी तर खारं, गंधकाच्या वासाचं पाणी लागतं. युद्धाआधी इथे सुमारे हजार लोक राहत, ऊस लावत आणि पावसाचं पाणी साठवून भागवत. हजार माणसांचं त्यात भागत होतं. तिथे वीस हजारांहून अधिक सैनिक येऊन राहिले.

जून १९४४ मध्ये लेफ्टनंट जनरल तादामिची कुरिबायाशी इथला प्रमुख म्हणून आला. घोडदळातला माणूस, पूर्वी अमेरिकेत राहिलेला, तिथले कारखाने डोळ्यांनी पाहिलेला. अमेरिकेशी युद्ध नको, असंच त्याचं मत होतं. जुलैमध्ये त्याने रहिवाशांना जपानच्या मुख्य भूमीकडे पाठवलं. शंभरेक पुरुष मात्र सैन्याच्या कामासाठी ठेवून घेतले. लढाईचं सावट हे कारण होतंच, पण एवढी तोंडं कमी होणं हाही मोठा हिशेब असणार.

मग पाण्याची शिस्त लागली. पाऊस आला की हौद, पिंपं, डबे, हाताला लागेल ते बाहेर. माणशी दिवसाला साधारण एक बाटली पाणी. कुरिबायाशीने घरी लिहिलेल्या पत्रांत स्वतःच्या पाण्याचाही हिशेब आहे: तळाशी थोडंसं पाणी असलेल्या भांड्यात तो जेमतेम डोळे धुई, मग तेच पाणी त्याचा सहायक वापरी, आणि उरलेलं शौचानंतर हात धुण्यासाठी ठेवलं जाई. हे जनरलचं! साध्या शिपायाचं काय होत असेल ते निराळं सांगायला नको. खराब पाण्यामुळे हगवण आणि विषमज्वरासारखे ताप पसरले. शत्रूचा एकही सैनिक किनाऱ्यावर उतरायच्या आत माणसं आजाराने खंगत होती.

बाहेरून रसद आणावी तर बेटाला बंदरच नाही. मोठी जहाजं उत्तरेच्या चिचिजिमापर्यंत येत. तिथून माल छोट्या बोटींवर चढवून पुढचे सुमारे २७० किलोमीटर, शक्यतो अंधारात. अमेरिकी पाणबुड्या आणि विमानं टपलेलीच असत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचं सुवर्णपदक जिंकलेला ताकेइची निशी आता रणगाड्यांच्या तुकडीचा प्रमुख होता. त्याचे २८ रणगाडे जुलैमध्ये जहाजासकट समुद्राच्या तळाशी गेले. पुढे बदली रणगाडे आले, तेव्हा त्यांतले बरेचसे जमिनीत पुरून नुसता बुरुज वर ठेवला. धावायला ना जागा, ना इंधन.

तोवरची जपानी पद्धत अशी, की शत्रूला पाणकाठावरच अडवायचं आणि हरतोय असं दिसलं की अंगावर धावून जाऊन मरायचं. मारियानातल्या सायपान बेटावर ती फसली होती, कारण जहाजांवरच्या तोफांपुढे किनाऱ्यावरचं काहीही टिकत नाही. कुरिबायाशीने ठरवलं: शत्रूला उतरू द्यायचं, किनाऱ्यावर गर्दी होऊ द्यायची, मग आतून मारायचं. उघड्यावर धावून जायला सक्त मनाई. नौदलाला हे पटेना; काही गढ्या किनाऱ्यावर बांधून तडजोड झाली. पण मुख्य जोर भुयारांवर.

भुयार खणायचं कसं? बेटाचा खडक मऊ, राखेचा बनलेला, कुदळ-फावड्याने फुटतो. खाणींतले अभियंते जपानहून आणले. किनाऱ्यावरची काळी राख सिमेंटमध्ये कालवली तर काँक्रीट चांगलं होतं, हेही ध्यानात आलं. एवढीच काय ती बेटाची मेहेरबानी. कारण खाली जावं तशी उष्णता वाढे. काही ठिकाणी तापमान ४० अंशांच्या वर, त्यात गंधकाची वाफ. लंगोट लावून, तोंडाला मुखवटा बांधून माणूस आत शिरे आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर येई, मग दुसरा. रबरी तळव्यांच्या पादत्राणांचे तळवे वितळत. घामाने निथळलेल्या माणसाला पाणी जास्त लागतं, आणि पाणी तर मोजून. म्हणजे भुयाराचा प्रत्येक हात पाण्याच्या साठ्यातून वजा होत होता.

रचना विचारपूर्वक होती. प्रत्येक भुयाराला एकाहून जास्त तोंडं, म्हणजे एक बुजलं तरी माणसं अडकू नयेत. तोंडं वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे हवा खेळती राहते. दाराशी काटकोनात वळण, म्हणजे स्फोटाचा धक्का आणि आगीचा लोळ थेट आत येत नाही. आत दवाखाने, कोठारं, संदेश यंत्रणा. २८ किलोमीटरची आखणी होती, पैकी साधारण १८ झाली. सुरिबाचीला उत्तरेशी जोडणारं भुयार अपुरंच राहिलं, म्हणून तो डोंगर लवकर एकटा पडला.

१९ फेब्रुवारीला अमेरिकी मरीन उतरले. आधीच्या आठवड्यांच्या बाँबहल्ल्यांनी जमिनीवरचं सगळं उद्ध्वस्त झालं होतं, पण शिबंदी जमिनीवर नव्हतीच. सुरुवातीला जवळजवळ शांतता; किनारा माणसांनी आणि वाहनांनी भरला, तेव्हा तोफा सुरू झाल्या. घोट्यापर्यंत रुतणाऱ्या राखेत धावता येईना, खंदक खणला तर ढासळे. उत्तरेच्या गरम जमिनीत याच मरीननी पुढे जेवणाचे डबे पुरून गरम केले, हेही खरं.

काही दिवसांत उरकेल असं वाटलेली लढाई ३६ दिवस चालली. अमेरिकेचे सुमारे ६,८०० मेले, १९ हजारांहून अधिक जखमी झाले. जपानी बाजूचे जवळपास सगळेच मेले. २६ मार्चपर्यंत जिवंत हाती लागले ते २१६. कुरिबायाशीने मार्चच्या मध्यावर टोकियोला निरोपाची तार केली, तीत दारूगोळा संपल्याच्या जोडीला पाणी आटल्याचाही उल्लेख आहे. लष्करी तारेत पाण्याला ही जागा मिळावी, यातच सगळं आलं. भुयारांत दडून राहिलेल्यांपैकी शेवटचे दोघे अमेरिकी छावणीतून रात्री चोरी करून जगले आणि जानेवारी १९४९ मध्ये शरण आले.

बेट १९६८ साली जपानला परत मिळालं. तिथे आता संरक्षण दलाचा तळ आहे. जुलै १९४४ मध्ये हलवलेल्या रहिवाशांना परत वस्ती करू दिलेली नाही. दहा हजारांहून अधिक जपानी सैनिकांचे अवशेष अजून सापडायचे आहेत. ते शोधणारी पथकं भुयारांत उतरतात, तीही काही ठिकाणी थोड्या थोड्या मिनिटांच्या पाळ्यांनीच, कारण खालची उष्णता तशीच आहे.